जळलेल्या ऑइल सीलमधलं ‘सौम्य’ आम्ल

‘व्हिटॉनच्या जुन्या सीलला नुसता हात लागला तरी बोट कापावं लागतं’ असा इशारा अधूनमधून फिरत असतो. व्हिटॉन म्हणजे फ्लोरिनयुक्त रबर. हा इशारा अतिरंजित आहे. धडधाकट सील खुशाल हाताळा. जपायचं ते जळलेल्या सीलपासून.

क्रँकशाफ्टचं ऑइल सील, व्हॉल्व्ह स्टेम सील, इंजेक्टरच्या ओ-रिंगा यांत बऱ्याचदा हेच फ्लोरिनयुक्त रबर असतं. सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत ते उत्तम टिकतं. ३०० च्या वर मात्र त्याच्या साखळीतले शेजारचे हायड्रोजन आणि फ्लोरिन जोडीने निसटतात आणि हायड्रोजन फ्लोराइड वायू तयार होतो. ओलावा मिळाला की तेच हायड्रोफ्लोरिक आम्ल. अडकलेलं बेअरिंग सैल करायला गॅसची ज्योत लावली, की सील सहज एवढं तापतं. म्हणून आधी सील काढा, मग तापवा.

रसायनशास्त्र याला सौम्य आम्ल म्हणतं, आणि घात तिथेच आहे. तीव्र आम्लाचे रेणू पाण्यात फुटून आयन होतात. विद्युतभारामुळे आयनांना त्वचेचा स्निग्ध थर सहजी ओलांडता येत नाही. हायड्रोफ्लोरिकचे बहुतेक रेणू अखंड, भाररहित राहतात आणि आत झिरपतात. आत फ्लोराइड आयन सुटतात आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमला पकडून बसतात. कॅल्शियम फ्लोराइड जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे ते कॅल्शियम शरीराच्या कामातून गेलं. रक्तातलं प्रमाण फार घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. विरल आम्ल असेल तर वेदना २४ तासांनीही सुरू होऊ शकते. तोवर त्वचा ठीकठाक दिसते.

आगीत सापडलेलं इंजिन उघडताना सीलच्या जागी कोळसा किंवा डांबरासारखा चिकट लगदा दिसला, तर तो व्हिटॉनचाच समजा. नायट्राइल रबरही काळंच असतं, रंगावरून ओळख पटत नाही. जाळून तर मुळीच पाहू नका. बराचसा वायू उडून गेलेला असतो, तरी अवशेषात आम्ल उरू शकतं. निओप्रीनचे जाड हातमोजे, फेस शील्ड, मोकळी हवा. लगदा चिमट्याने उचला. ग्राइंडर किंवा वायर ब्रश नको, धूळ उडते. मग भाग चुन्याच्या निवळीने धुवा. खाण्याच्या सोड्याने आम्लता जाते, पण फ्लोराइड विरघळलेलंच राहतं. चुना त्याचा साका करतो. ॲल्युमिनियमला चुना खातो, तेव्हा लगोलग साध्या पाण्याने धुऊन घ्या.

त्वचेला लागलंच तर हळद, टूथपेस्ट, चुना यांतलं काहीही फासू नका. कपडे उतरवून वाहत्या पाण्याखाली धुवा, २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहा. दुखत नसलं तरी रुग्णालय गाठा आणि ‘हायड्रोफ्लोरिक’ हा शब्द डॉक्टरांना आधी सांगा. साध्या भाजण्याचा मलम इथे उपयोगाचा नाही.