कार्बन नॅनोट्यूब: ताकद नळीत, काम गुंत्यात

मोटारीतली इंधनाची नळी आता बहुतेक वेळा नायलॉनची असते. पेट्रोल तिच्यातून वेगाने जाताना घर्षण होतं आणि आतल्या पृष्ठभागावर स्थिर विद्युतभार साचतो. धातूच्या नळीत तो लगेच चेसिसकडे निघून जातो. नायलॉन विद्युतरोधक असल्याने तिथे तो साठत राहतो, आणि एखाद्या क्षणी ठिणगी उडून नळीला बारीक भोक पडतं. जुना उपाय म्हणजे नायलॉनमध्ये काजळी, अर्थात कार्बन ब्लॅक, मिसळणं. पण पुरेशी वाहकता यायला ती वजनाच्या १० ते २० टक्के घालावी लागते आणि तेवढ्या भरणीने नायलॉनचा चिवटपणा जातो. बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे एकात एक बसलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, २ ते ४ टक्के घातल्या तरी तेच काम होतं, चिवटपणाही बराचसा टिकतो. १९९०च्या दशकापासून हा उपाय वापरात आहे. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये वाहनांचे सुटे भाग करणाऱ्यांना स्थिर विद्युतभाराचा त्रास नवा नाही, मात्र काळ्या भागात कार्बन ब्लॅक आहे की नॅनोट्यूब, हे नुसतं पाहून कळत नाही.

इतक्या थोड्या मालात काम होतं ते आकारामुळे. काजळीचे कण गोलसर. एकमेकांना टेकून साखळी व्हायची तर ते भरपूर लागतात. नॅनोट्यूबची लांबी तिच्या व्यासाच्या शेकडो ते हजारो पट असते, त्यामुळे थोड्याच नळ्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडल्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट तयार होते. प्रमाण एका उंबरठ्यापलीकडे गेलं की वाहकता हळूहळू वाढत नाही, एकदम अनेक पटींनी उसळते. इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये हा उंबरठा ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखालीही असू शकतो.

ग्राफाइटचा एक अणू जाडीचा थर गुंडाळून बिनसांध्याची नळी केली की एकभित्ती नॅनोट्यूब होते. तिचा व्यास साधारण ०.८ ते २ नॅनोमीटर. एकात एक अशा अनेक नळ्या असल्या की बहुभित्ती. व्यास ५ ते ५० नॅनोमीटर आणि दोन भिंतींमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. जपानमधल्या एनईसी कंपनीच्या सुकुबा प्रयोगशाळेतल्या सुमिओ इजिमा यांनी १९९१मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. अशा पोकळ कार्बन-तंतूंची छायाचित्रं सोव्हिएत संशोधक रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी १९५२मध्येच छापली होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

एकट्या नळीचे आकडे थक्क करणारे आहेत. ताठपणा मोजणारा यंग गुणांक सुमारे १ टेरापास्कल, म्हणजे पोलादाच्या पाचपट. ताणबल दहा गिगापास्कलच्या काही पट. एकेका नळीवर मोजलेली उष्णतावाहकता प्रति मीटर प्रति केल्विन ३००० वॉटच्या घरात, तर तांब्याची ४००. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात हेच आकडे ठळक असतात. कारखान्यात मात्र एक नळी कधीच येत नाही, येते ती पूड. पुडीतल्या नळ्या एकमेकींना फक्त क्षीण व्हॅन डर वाल्स बलाने धरून असतात. ताण दिला की तुटण्याआधी घसरतात. नळ्यांपासून काढलेल्या उत्तम धाग्यांचं ताणबल म्हणूनच ४ गिगापास्कलच्या आसपास आहे. ते कमी नाही, पण माहितीपत्रकातला आकडा तो नव्हे. नुसता गुंता पुरतो अशी कामं आधी मार्गी लागली. सरळ, निवडक, रांगेत मांडलेल्या नळ्या लागतात ती कामं अजून प्रयोगशाळेत रेंगाळतात.

कापरापासून काळी पूड

नळ्या वाढवण्याची रूढ पद्धत म्हणजे रासायनिक बाष्प निक्षेपण. लोह, कोबाल्ट किंवा निकेलच्या उत्प्रेरक नॅनोकणांवरून ६०० ते ९०० अंश सेल्सिअसला मिथेन, इथिलीन किंवा ॲसिटिलीन सोडतात. वायू फुटतो, कार्बन धातूच्या कणात विरघळतो आणि नळी होऊन बाहेर वाढतो. कणाचा व्यास जेवढा, साधारण तेवढाच नळीचा. आपल्याकडे यात कापराची भर पडली. आयआयटी मुंबईचे महेश्वर शेरॉन, तसंच जपानच्या मेइजो विद्यापीठातले मुकुल कुमार आणि योशिनोरी आंडो यांनी कापूर हा कार्बनचा स्रोत म्हणून वापरला. कापराच्या रेणूत १० कार्बन, १६ हायड्रोजन आणि एकच ऑक्सिजन. तो घन असतो, ज्वालाग्राही वायूच्या सिलिंडरची गरज नाही आणि सहज उडतो. क्वार्ट्‌झच्या नळीत पहिल्या भट्टीत कापूर उडवायचा, आर्गॉनच्या प्रवाहाने दुसऱ्या, तापलेल्या भट्टीत न्यायचा. ६५० अंशांच्या आसपास बहुभित्ती आणि योग्य उत्प्रेरकावर ९०० अंशांच्या आसपास एकभित्ती नळ्या मिळतात.

बिघडतं कुठे? सांध्यातून हवा शिरली तर कार्बन जळून जातो. कापूर फार वेगाने उडवला तर उत्प्रेरकावर नुसती काजळी बसते आणि वाढ थांबते. न वापरलेला कापूर भट्टीबाहेरच्या थंड भागात पुन्हा गोठून मार्ग तुंबवतो, म्हणून तो भाग रुंद ठेवावा आणि दर खेपेला साफ करावा.

इपॉक्सीत मिसळताना

अभियांत्रिकीच्या प्रकल्पांमध्ये सर्वाधिक फसणारा भाग हाच. १०० ग्रॅम बिस्फेनॉल-ए प्रकारच्या इपॉक्सी रेझिनला ०.२ ग्रॅम बहुभित्ती नळ्या पुरतात. पूड इतकी हलकी की ०.२ ग्रॅम अर्ध्या-पाऊण चमच्याएवढे भरतात. त्या टाकून काचेच्या कांडीने ढवळलं की मिश्रण काळंभोर दिसतं आणि काम झालं असं वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दहा-दहा मायक्रोमीटरचे गोळे तसेच दिसतात. असा गोळा म्हणजे भेगेला आयतं निमंत्रण, आणि नमुना साध्या इपॉक्सीपेक्षाही लवकर तुटतो.

नीट मार्ग तीन रोलांच्या मिलचा, जी शाई आणि रंगाच्या कारखान्यांत असते. रेझिन ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून पातळ करायचं. रोलांमधली फट आधी ५० मायक्रोमीटर, मग २० आणि शेवटी ५. शेवटच्या फटीतून पाच-सहा वेळा काढायचं. नंतर अर्धा तास निर्वातात ठेवून हवा काढायची, मग रेझिन घट्ट करणारा हार्डनर. हार्डनर आधी घातला तर मिलवरच घट्ट होतो. नळ्या ०.५ टक्क्याच्या पुढे गेल्या की रेझिन लापशीसारखं होतं आणि अडकलेले बुडबुडे निर्वातातही सुटत नाहीत.

मिल नसेल तर ॲसिटोनमध्ये नळ्या घालून अल्ट्रासॉनिक प्रोबने, म्हणजे अतिध्वनी कंपनं देणाऱ्या धातूच्या कांडीने, पसरवतात, रेझिन मिसळतात आणि ॲसिटोन उडवतात. इथे घाई नडते. एक-दोन टक्के ॲसिटोन उरला तरी इपॉक्सीचं काचसंक्रमण तापमान (ज्याला ती मऊ पडू लागते) खाली येतं आणि पुढे दोष नळ्यांच्या माथी येतो. भांडं बर्फात ठेवावं, प्रोब ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद. जास्त वेळ चालवला तर नळ्याच तुटून आखूड होतात आणि मुळात आकाराचा जो फायदा होता तोच जातो.

एक गंमत अशी की नळ्या अगदी एकसारख्या पसरल्या तर मजबुतीला चांगलं, पण वाहकतेला नेहमीच नाही. प्रत्येकीभोवती रेझिनचं आवरण बसतं आणि संपर्क तुटतो. किंचित जाळीदार गुंता झाला तर वीज चांगली वाहते. दोन्ही हवं असेल तर मधला मार्ग शोधावा लागतो. मोजतानाही एक फसगत होते. साच्यातून निघालेल्या नमुन्यावर नुसत्या रेझिनचा पातळ थर असतो, म्हणून मीटर अनंत रोध दाखवतो. बारीक पॉलिश पेपरने तो थर काढून चांदीचे कण असलेल्या वाहक रंगाचे पट्टे लावावेत आणि चार टोकांनी मोजावं.

याच जाळ्याचा उपयोग विमानाच्या भागांत तपासणीसाठी करता येतो, म्हणून जवळच्या ओझरला सुखोई लढाऊ विमानं जोडणाऱ्या नाशिकमध्ये त्यात रस असायला हरकत नाही. कार्बन फायबरचे थर इपॉक्सीने चिकटवलेले असतात. त्या इपॉक्सीत नळ्या असतील तर थर सुटायला लागताच जाळं तुटतं आणि विद्युत रोध वाढतो. डोळ्यांना भेग दिसण्याआधी मीटरला कळतं. संशोधनात हे वारंवार दाखवलं गेलं आहे. अडचण तापमान आणि ओलाव्याची, कारण रोध त्यांनीही बदलतो. गुरूकडे २०११मध्ये निघालेल्या नासाच्या जुनो यानात विद्युतभार निचरून नेण्यासाठी नॅनोट्यूबच्या चादरीचा वापर झाला होता.

प्रोबबद्दल आणखी एक इशारा. नॅनोट्यूबमध्ये हायड्रोजन भरपूर साठतो असे दावे १९९०च्या दशकाच्या अखेरीस झाले आणि इंधनटाकीची स्वप्नं रंगली. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत हिर्शर आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये तपासलं, तेव्हा हायड्रोजन शोषणारे टायटॅनियम मिश्रधातूचे कण सापडले. ते झिजलेल्या अल्ट्रासॉनिक प्रोबमधून नमुन्यात पडले होते. प्रोबचं टोक खडबडीत दिसू लागलं की ते बदलणं स्वस्त पडतं.

बॅटरी, चिप आणि टोमॅटो

आज सर्वाधिक नळ्या खपतात त्या लिथियम-आयन बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडमध्ये. कार्बन ब्लॅक जिथे २ ते ३ टक्के लागतो तिथे नळ्या ०.५ ते १ टक्का पुरतात. वाचलेल्या जागेत ऊर्जा साठवणारा माल बसतो. ऋण इलेक्ट्रोडमधलं सिलिकॉन पूर्ण चार्ज होताना जवळजवळ चौपट फुगतं आणि कण एकमेकांपासून तुटतात. तिथे एकभित्ती नळ्या, ०.१ टक्क्याच्या आसपास घातलेल्या, लवचीक तारांसारख्या संपर्क धरून ठेवतात. नळ्यांत उरलेलं उत्प्रेरकाचं लोह मात्र बॅटरीला घातक. ते विरघळून ऋण बाजूवर जमतं आणि आतून शॉर्टसर्किट होऊ शकतं. म्हणून बॅटरीच्या मालाला धातूचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती) मोजलेलं प्रमाणपत्र लागतं.

चिपच्या बाबतीत प्रगती खरी, पण मंद. थर कोणत्या कोनात गुंडाळला जातो यावर नळी धातूसारखी की अर्धवाहक हे ठरतं, आणि मोकळ्या वाढीत साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या निघतात. अशी एक नळी ट्रान्झिस्टरमध्ये घुसली की तो बंदच होत नाही. एमआयटीने २०१९मध्ये १४,००० हून अधिक नॅनोट्यूब ट्रान्झिस्टरांचा १६-बिट प्रोसेसर चालवून दाखवला, तोही परिपथाची रचना अशा चुका सहन करील अशी आखून.

शेतमालासाठीचा उपयोग अधिक जवळचा आहे. नाशिक म्हटलं की द्राक्षं आठवतात, पण द्राक्ष तोडणीनंतर पिकत नाही. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातला टोमॅटो पिकतो आणि पिकताना इथिलीन सोडतो. एमआयटीत टिमथी स्वेगर यांच्या गटाने २०१२मध्ये एकभित्ती नळ्यांवर तांब्याचं संयुग बसवून इथिलीनचा संवेदक केला. इथिलीन आला की तांबं त्याला धरतं आणि नळ्यांचा रोध वाढतो, ०.५ पीपीएमपर्यंतचं प्रमाण कळतं. शीतगृहात कोणत्या कप्प्यातला माल आधी पाठवायचा, हे यावरून ठरवता येईल. पण नळ्या ओलाव्यालाही प्रतिसाद देतात आणि शीतगृहात आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून संयुगाविना दुसरा संवेदक शेजारी ठेवून दोघांतला फरक वाचावा लागतो.

पूड हाताळताना

लांब, ताठ बहुभित्ती नळ्या उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉससारखा परिणाम घडवतात, असं २००८मध्ये दिसून आलं. त्यातला एमडब्ल्यूसीएनटी-७ हा प्रकार मानवात कर्करोगाची शक्यता असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या गट २बी मध्ये आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने २०१३मध्ये आठ तासांसाठी घनमीटरला १ मायक्रोग्रॅम ही शिफारस केलेली मर्यादा ठरवली. व्यवहारात याचा अर्थ: कोरडी पूड फ्यूम हूडमध्ये (हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात), पंख्याचा वेग कमी ठेवून तोलायची, नाहीतर अर्धी हूडच ओढून नेतो. चांगला बसणारा एन-९५ किंवा त्यापेक्षा वरचा मास्क, दुहेरी नायट्राइल हातमोजे. सांडलं तर केरसुणी नको. ओल्या कापडाने टिपायचं. साध्या व्हॅक्यूम क्लीनरनेही ती पूड खोलीभर उडते, अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळणीचा हवा.

घेताना नुसता शुद्धतेचा टक्का विचारू नये. राखेचं प्रमाण, नळ्यांत दोष किती ते सांगणारं रामन वर्णपटातलं डी आणि जी शिखरांचं गुणोत्तर आणि पृष्ठफळ प्रति ग्रॅम मागावं. हवेत तापवून जाळल्यावर तांबूस राख उरली तर ते बहुधा लोहाचं ऑक्साइड. हायड्रोक्लोरिक आम्लाने ते बरंचसं निघतं, पण नळीच्या आत किंवा कार्बनच्या कवचात अडकलेलं लोह तसंच राहतं. पांढरी राख म्हणजे उत्प्रेरकाचा ॲल्युमिना आधार, त्यावर हे आम्ल फारसं चालत नाही. उरलेला माल बेसिनमध्ये न ओतता रेझिनमध्ये मिसळून घट्ट करावा, लेबल लावावं आणि धोकादायक कचऱ्यासाठी अधिकृत असलेल्या संस्थेकडे द्यावा.