कोंडा : खानदेशातील प्रसार, कारणमीमांसा व उपचार

कोंडा : डोक्याच्या त्वचेवरील मृत पेशी एरवी दिसणारही नाहीत इतक्या बारीक होऊन गळत असतात. त्या पुंजक्यांनी सुटू लागल्या आणि पांढरट वा पिवळसर पापुद्रे केसांत व खांद्यांवर दिसू लागले, की त्या अवस्थेला कोंडा म्हणतात. सोबत बहुधा खाज असते. लाली नसते किंवा अगदी थोडी असते. लाली, तेलकट पिवळी खपली आणि भुवया, नाकाच्या कडा व कानामागची घडी इथवर पसरलेला दाह असेल, तर त्याला सेबोऱ्हिक त्वचाशोथ म्हणतात. हे दोन वेगळे रोग मानावेत की एकाच विकाराच्या सौम्य व तीव्र पायऱ्या, याबद्दल पूर्वी मतभेद होते. आता बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ दुसरे मत धरतात आणि प्रस्तुत नोंदीतही तेच ग्राह्य धरले आहे. प्रौढ लोकसंख्येपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात केव्हातरी कोंडा होतो. दाहयुक्त तीव्र रूप मात्र सुमारे १ ते ३ टक्के लोकांतच आढळते. विकार वयात येताना सुरू होतो, पुरुषांत अधिक दिसतो आणि थंडीत बळावतो.

खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे. मूळच्या एकाच जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. कोंड्याचे मूळ कारण इथे निराळे नाही. मात्र हवामान, पाणी आणि तेल-न्हाणाच्या सवयी यांमुळे त्याचे स्वरूप आणि विशेषतः त्याविषयीचे समज प्रादेशिक झाले आहेत. जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा काही वर्षी ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली येते आणि दोन्ही ऋतूंत हवा कोरडी असते. अशा मुलखात कातडी सुटताना दिसली की ‘डोकं कोरडं पडलं’ असे निदान घरातच होते आणि उपाय म्हणून तेल वाढवले जाते. कोंड्याच्या बाबतीत हे निदान बहुधा चुकीचे ठरते. त्याचे कारण पुढे येणाऱ्या कारणमीमांसेत आहे.

प्राचीन उल्लेख व ओळखीचा प्रश्न : आयुर्वेदीय ग्रंथांतील दारुणक या विकाराशी कोंड्याची सांगड घातली जाते. सुश्रुतसंहितेत निदानस्थानातील (रोगनिदानाच्या भागातील) क्षुद्ररोगांत म्हणजे किरकोळ मानलेल्या रोगांत दारुणक येतो : केसांची भूमी कठीण, खाजरी व रूक्ष होऊन फुटते आणि हे कफ व वात यांच्या प्रकोपाने होते, असे तेथे म्हटले आहे. या संहितेचा काळ निश्चित नाही. तिचे थर इसवी सनापूर्वीच्या काही शतकांपासून सनाच्या आरंभीच्या काही शतकांपर्यंत पसरले असावेत, असे सामान्यतः मानतात. अष्टांगहृदय या ग्रंथाचा कर्ता वाग्भट (बहुधा सहावे-सातवे शतक) याने हाच विकार क्षुद्ररोगांत न ठेवता कवटीच्या त्वचेच्या रोगांत घातला आणि लक्षणांत केस गळणे व बधिरता यांची भर टाकली. पुढच्या टीकापरंपरेत पित्त व रक्त यांचाही संबंध जोडलेला आढळतो.

दारुणक म्हणजे नेमके काय, यावर आधुनिक अभ्यासकांत एकमत नाही. काही जण तो साधा कोरडा कोंडा मानतात, काही सेबोऱ्हिक त्वचाशोथ, तर ‘त्वचा फुटते’ या वर्णनावरून काहींनी सोरायसिसकडेही बोट दाखवले आहे. स्रावयुक्त फोडांचा अरुंषिका हा विकार ग्रंथांत स्वतंत्रपणे वर्णिलेला असल्याने दारुणक हा तुलनेने कोरडा, पापुद्रे सुटणारा प्रकार असावा आणि म्हणून पहिली ओळख अधिक जुळते, असे दिसते. तथापि शेकडो वर्षांपूर्वीच्या लक्षणसमूहावर आजच्या एका रोगाचे नाव काटेकोरपणे बसवणे शक्य नाही.

चिकित्सेचा भाग याहून उद्बोधक आहे. स्नेहन (तेल-तूप देणे), स्वेदन (घाम आणणे), शिरावेध (शीर टोचून रक्त काढणे), नस्य (नाकात औषध घालणे), शिरोबस्ती (डोक्यावर तेल धरून ठेवणे) व अभ्यंग (तेल चोळणे) यांबरोबरच कोद्रवाच्या म्हणजे कोदऱ्याच्या काडाची राख पाण्यात कालवून काढलेल्या क्षारजलाने डोके धुण्यास सुश्रुताने सांगितले आहे. क्षारजल तेलाचे साबणीकरण करते, त्यामुळे लावलेले तेल आणि त्यात भिजून सुटलेली खपली दोन्ही निघून जातात. अभ्यंगाचा आधार घेऊन रात्रंदिवस तेल मुरवत ठेवणारे लोक या धुण्याचा भाग सोडून देतात. ग्रंथातला उपचार तेल लावण्यापाशी थांबत नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. मध्ययुगीन ग्रंथांत भृंगराज तेल व दुधात वाटलेल्या खसखशीचा लेप येतो. माक्याचे (भृंगराजाचे) तेल खानदेशात आजही घरी उकळले जाते, पण ते मुख्यतः केस काळे राहावेत व वाढावेत म्हणून.

कारणमीमांसेतील वाद : कोंड्याच्या पापुद्र्यांत गोल वा बाटलीसारख्या आकाराच्या, यीस्टच्या (एकपेशीय बुरशीच्या) सूक्ष्म पेशी असतात, ही गोष्ट १८७३-७४ च्या सुमारास यूरोपात नोंदली गेली. इटलीत रिव्होल्टा आणि फ्रान्समध्ये लुई-शार्ल मालासे यांची नावे या संदर्भात घेतली जातात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बायाँ यांनी १८८९ मध्ये या प्रजातीला मालासे यांच्यावरून मॅलॅसेझिया हे नाव दिले. पुढे फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ साबुरो यांनी पिटिरोस्पोरम हे दुसरे नाव रूढ केले आणि सुमारे शतकभर दोन्ही नावे समांतर चालू राहिल्याने जुन्या वाङ्मयात बराच घोटाळा आढळतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी १८८७ मध्ये सेबोऱ्हिक इसबाचे वर्णन केले, तेव्हापासून ‘मुळात तेलग्रंथी की जंतू’ हा प्रश्न चर्चेत राहिला.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पारडे जंतूंच्या विरुद्ध झुकले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले, की त्वचेच्या पेशी जलद तयार होणे हाच मूळ दोष आहे आणि पापुद्रे वाढले म्हणून त्यांवर जगणारे यीस्ट वाढते. यीस्ट दाबणारी औषधे देऊनही कोंडा घटला नाही, हा त्यांचा पुरावा होता. १९८४ मध्ये ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ शुस्टर यांनी याच्या उलट बाजू मांडली. कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकासारखी, रासायनिक दृष्ट्या वेगवेगळी असणारी कोंड्यावरची गुणकारी औषधे एका बाबतीत समान आहेत, ती म्हणजे सर्व या यीस्टला मारतात. औषध थांबवले की यीस्ट परत येते आणि त्यामागोमाग कोंडाही. १९९६ मध्ये या प्रजातीतील सात जाती स्वतंत्र ठरल्या. डोक्यावर मुख्यतः ग्लोबोसा व रिस्ट्रिक्टा या दोन जाती राहतात. २००७ मध्ये ग्लोबोसाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा तिला स्वतःचे मेदाम्ल तयार करता येत नाही, मात्र मेद फोडणारी विकरे (एन्झाइमे) तिच्याजवळ भरपूर आहेत, हे स्पष्ट झाले.

आज सर्वसाधारणपणे मान्य असलेली उपपत्ती अशी : तेलग्रंथींतून पाझरणाऱ्या सेबममधील ट्रायग्लिसराइडे (मेदाचे रेणू) यीस्ट फोडते, त्यांतील संपृक्त मेदाम्ले स्वतः वापरते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्ले त्वचेवर टाकून देते. ही आम्ले वरच्या थरात शिरून दाह निर्माण करतात. एरवी महिनाभराच्या आसपास चालणारे त्वचेचे नूतनीकरण त्यामुळे घाईने होऊ लागते आणि अर्धवट पिकलेल्या पेशी गठ्ठ्यांनी सुटतात. निरोगी डोक्यावरही हेच यीस्ट असते. मग कोंडा सर्वांना का होत नाही, याचे उत्तर व्यक्तिगत प्रवणतेत आहे. यीस्ट काढून टाकलेल्या डोक्यावर नुसते ओलेइक आम्ल लावले असता कोंडाप्रवण व्यक्तींचे पापुद्रे सुटले, इतरांचे सुटले नाहीत, असे प्रयोगात दिसले आहे. म्हणजे क्लिगमन यांचा त्वचेवरचा भर पूर्णपणे टाकाऊ नव्हता. प्रवणता कशाने ठरते, यात आनुवंशिकतेबरोबर त्वचेच्या संरक्षक थराची जात आणि प्रतिकारशक्ती यांचा वाटा आहे. एचआयव्ही व कंपवात या रोगांत विकार अधिक वेळा व तीव्र होतो. तेलकट-तिखट आहाराचा वाटा मात्र सिद्ध नाही, त्यामुळे शेवभाजी वा भरीत बंद केल्याने कोंडा जातो हे म्हणणे टिकत नाही.

तेल आणि पाणी : खानदेशात डोक्याला खोबरेल सर्वांत अधिक लावतात. शेतकरी घरांत, विशेषतः जुन्या पिढीत, स्वयंपाकातले शेंगदाण्याचे वा तिळाचे तेलही डोक्याला लावले जाई. या तेलांची घडण एकसारखी नाही. खोबरेलात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते आणि ओलेइक आम्ल दहा टक्क्यांच्या आत राहते. शेंगदाणा व तीळ यांत ओलेइक आम्ल चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असते. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचे असल्यास माध्यमात ऑलिव्हसारखे तेल घालावे लागते, कारण तेलाशिवाय त्याच्या बहुतेक जाती वाढतच नाहीत. यावरून कोंडाप्रवण डोक्याच्या कातडीवर तेल, आणि त्यातही ओलेइकबहुल तेल, मुरवत ठेवणे हितावह नाही, असा निष्कर्ष निघतो. खोबरेलाने त्वचेवरील सूक्ष्मजीवसमूह सुधारतो असे दाखवणारा एक अलीकडचा भारतीय अभ्यास आहे, पण त्यावरून ते कोंड्याचे औषध ठरत नाही. केसांच्या लांबीवर तेल लावल्याने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, हा खोबरेलाचा गुण वेगळा आणि खरा आहे. तेव्हा तेल सोडण्याची गरज नाही. ते केसांना लावावे, कातडीला नाही, आणि न्हाताना धुऊन काढावे.

पाण्याचा प्रश्न इतका मांडला जात नाही, पण खानदेशात तो महत्त्वाचा आहे. तापीच्या गाळाच्या पट्ट्यातील रावेर, यावल, चोपडा या बागायती भागांत आणि इतरत्रही न्हाणे बहुतांशी विहिरी व बोअरच्या पाण्यावर चालते. हे पाणी अनेक गावांत जड असते. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साध्या साबणातील मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा पांढरा साका तयार करतात. अंगाच्या वडीनेच डोके धुणाऱ्यांच्या केसांत हा साका वाळून राहतो आणि कोंडा म्हणून तोच झाडला जातो. शिकेकाई, रिठा आणि कोरडवाहू माळांवरच्या हिंगणाच्या फळाचा गर यांचा फेस सॅपोनिन या वनस्पतिज द्रव्यांमुळे येतो. ती मेदाम्लांची लवणे नसल्याने जड पाण्यात साका धरत नाहीत. जुन्या न्हाणाची ही निवड इथल्या पाण्याला साजेशी होती, असे म्हणता येते. यीस्टवर मात्र शिकेकाईचा परिणाम औषधी शाम्पूइतका नाही.

उन्हापासून बचाव म्हणून दिवसभर डोक्याला गुंडाळलेला रुमाल, टोपी वा हेल्मेट यांखाली घाम व तेल साचून खाज वाढते. घाम हे मूळ कारण नव्हे, परंतु रुमाल रोज धुतलेला असावा.

उपचार : कोंडा कायमचा बरा होत नाही, आटोक्यात राहतो. कीटोकोनॅझोल (१ वा २ टक्के), झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड व सायक्लोपिरॉक्स ही यीस्टवर चालणारी मुख्य द्रव्ये आहेत. सॅलिसिलिक आम्ल खपली सोडवते आणि कोलटार पेशींची घाई मंदावते. औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात व नंतर आठवड्यातून एकदा वा पंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवतात. तो केसांना नव्हे तर कातडीला बोटांनी लावून तीन ते पाच मिनिटे राहू द्यावा लागतो. लावताच धुतल्याने औषध वाया जाते आणि ‘गुण येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असते. काही वारी डोक्यावरून न न्हाण्याची पाळणूक घरोघरी वेगळी असते. दोन न्हाणांत दोन-तीन दिवसांचे अंतर राखले की ती पाळूनही उपचार होतो. झिंक पायरिथिऑनवर यूरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. ती द्रव्याच्या अंगभूत विषारीपणाच्या वर्गीकरणामुळे आपोआप लागू झाली; धुऊन टाकण्याच्या शाम्पूतील १ टक्का प्रमाण तेथील शास्त्रीय समितीने सुरक्षित ठरवले होते.

तीव्र लाली असल्यास थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडयुक्त लोशन देतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइड व बुरशीनाशक यांचे मिश्र मलम मात्र अपायकारक ठरते : त्वचा पातळ होते आणि गजकर्ण असेल तर तो दबून पसरतो.

घरगुती उपायांपैकी ताक वा दही लावून धुण्याने सौम्य खपली निघते, पण यीस्ट टिकते. लिंबाचा रस चोळून उन्हात बसणे मात्र टाळावेच. लिंबातील द्रव्ये व ऊन यांच्या संयोगाने त्वचा भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. तेलात कापूर घालून चोळल्याने खाज काही वेळ थांबते, परंतु तान्ह्या मुलांना कापूर घातक आहे. उवांसाठी डोक्याला रॉकेल लावण्याची जुनी रीतही तितकीच धोक्याची आहे. उवांवर १ टक्का परमेथ्रिन दहा मिनिटे लावून धुतात व सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावतात.

वेगळे ओळखण्याचे विकार : सोरायसिसची खपली जाड, चंदेरी व स्पष्ट कडांची असते. ती कपाळावर केसांच्या रेषेबाहेर येते आणि कोपर, गुडघे वा नखांवरही खुणा आढळतात. चाईत गोल चकतीतले केस जातात, पण त्वचा गुळगुळीत राहते, पापुद्रे नसतात. तान्ह्या बाळाच्या टाळूवरची पिवळी खपली पहिल्या काही आठवड्यांत येते आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप जाते. टाळू भरण्याच्या रिवाजात घातलेले तेल तिला मऊ करते, परंतु ते तासाभरात हलक्या हाताने धुवावे. खपली नखाने खरडू नये.

लहान मुलांच्या डोक्यातील खवडा हा सर्वांत अधिक दुर्लक्षित विकार होय. शाळकरी वयात कोंडा क्वचितच होतो. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पापुद्रे, तुटके केस वा काळे ठिपके दिसले, तर आधी त्वचेतील बुरशीची शंका घ्यावी. भारतात त्यामागे ट्रायकोफायटन व्हायोलेसियम ही जात वारंवार सापडते. बुरशी केसाच्या आत राहत असल्याने कोणताही शाम्पू वा मलम पुरत नाही. ग्रिसिओफुल्विन वा टर्बिनाफिन काही आठवडे पोटातून द्यावे लागते. उपचारास उशीर झाल्यास पू भरलेली गाठ होऊन तेथे कायमचे टक्कल पडू शकते. कंगवा, टोपी व न्हाव्याचे यंत्र यांतून संसर्ग पसरतो, त्यामुळे घरातील इतर मुलांचीही तपासणी करतात. धुळे, जळगाव व नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असून अशा रुग्णांच्या केसांचा व खपलीचा नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी तपासणी निदानाला उपयोगी ठरते.