डोळ्यांची साथ : अँटिजेन पट्टी आणि पीसीआर

कोविडपासून सांगली-मिरजेतल्या रुग्णांच्या तोंडी अँटिजेन आणि आरटीपीसीआर हे शब्द चांगले रुळले आहेत. मात्र डोळे आलेल्या रुग्णाबाबत एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ पाहिले, की नेत्रविभागात घोटाळा होतो.

अँटिजेन चाचणी डोळ्यांची साथ पसरवणाऱ्या ॲडिनोव्हायरस या विषाणूच्या कवचातील प्रथिन शोधते. खालची पापणी ओढून तिच्या आतल्या बाजूला शोषपट्टी हलकेच टेकवायची आणि सुमारे 10 मिनिटे थांबायचे. दुसरी रेघ उमटली, की रुग्णाला बाकावरून उठवून वेगळ्या खोलीत नेता येते, आणि तेही त्याच्या डोळ्याचा दाब मोजण्याआधी. हे ‘आधी’ महत्त्वाचे आहे, कारण दाब मोजणाऱ्या टोनोमीटरचे टोक थेट बुबुळाला टेकते आणि हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी काही आठवडेही तग धरतो. त्याला स्निग्ध आवरण नसल्याने स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबता येत नाही. टोक पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवून मग स्वच्छ धुवावे लागते.

पीसीआर विषाणूचा जनुकीय अंश वाढवून शोधते, म्हणून अँटिजेनला न सापडणारे अल्प प्रमाणही तिला सापडते. नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत ओपीडी मात्र संपलेली असते. तिचा खरा उपयोग पुढच्या तपासात होतो : जनुकक्रम पाहून विषाणूचा प्रकार 8, 37 की आणखी कोणता हे ठरवता येते, आणि अनेक रुग्णांत तोच प्रकार निघाला तर संसर्ग आपल्याच खोलीत पसरल्याचा संशय बळावतो. (ॲडिनोव्हायरस डीएनएचा असल्याने येथे ‘आरटी’ची, म्हणजे आरएनएचे डीएनए करून घेण्याच्या पायरीची, गरजच नसते.)

खरी फसगत होते ती कोऱ्या, म्हणजे दुसरी रेघ न उमटलेल्या, पट्टीने. 2023 च्या पावसाळ्यात आळंदी परिसरात हजारो लोकांचे डोळे आले, त्या साथीत कॉक्सॅकी ए24 हा आरएनए विषाणू आढळला. अशा रुग्णाची ॲडिनोव्हायरसची पट्टी कोरीच राहणार, आणि तरीही त्याचा रुमाल घरभर साथ नेणार. त्यामुळे डोळा लाल आणि पाणावलेला असेल, तर पट्टी काहीही सांगो, रुग्णाला वेगळे बसवणेच मला योग्य वाटते.

पीसीआरच्या ‘हो’लाही मर्यादा आहे. विषाणू निष्प्रभ झाल्यावरही त्याचे अंश सापडू शकतात, म्हणून बाधित परिचारिकेला कामावर परत घेताना केवळ अहवालाकडे न पाहता, दुसरा डोळा आल्यापासून साधारण 14 दिवस मोजले जातात.