वर्ध्याच्या बैठकीपासून सर्कलच्या तिकिटापर्यंत

अर्ज वापस घ्यायच्या दिवशी आमचे मोठे काका घरी नव्हते. २००७ ची जिल्हा परिषदेची निवडणूक. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं सर्कल, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ. पक्षाचं तिकीट ऐनवेळी दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका कंत्राटदाराला गेलं होतं आणि काकांनी अपक्ष अर्ज भरला होता. सकाळी दहापासून दारासमोर जीप उभी होती. तालुक्याचे दोन पुढारी ओसरीवर बसून काकूच्या हातचा चहा तिसऱ्यांदा पीत होते. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘‘वहिनी, भाऊ कुठं गेले ते तरी सांगा.’’ काकूला ठाऊक होतं, पण तिनं सांगितलं नाही. काका वावरातल्या गोठ्यात, पऱ्हाटीच्या ढिगाआड बसले होते. मोबाईल बंद होता. तीन वाजले, तहसीलमध्ये मुदत संपली, आणि मग ते घरी आले.

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत हा प्रसंग कुणालाच नवा वाटणार नाही. माघारीच्या दिवशी ‘नॉट रिचेबल’ होणारा माणूस दर निवडणुकीत, दर तालुक्यात असतो. वर्तमानपत्रं ‘बंडोबा थंडोबा’ असे मथळे देऊन मोकळी होतात. पण ज्याला आपण पक्षशिस्त म्हणतो आणि ज्याला बंडखोरी म्हणतो, त्या दोन्हींची इथली मुळं खूप जुनी आहेत. शिस्तीचा देशभर गाजलेला पहिला मोठा बडगा उगारला गेला तो आपल्याच मातीत, वर्ध्यात.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. पंतप्रधान होते नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. हा प्रांत तीन तुकड्यांचा होता: हिंदी भाषक महाकोशल, मराठी नागपूर विभाग आणि वऱ्हाड. मंत्रिमंडळातही तीच फट होती. एका बाजूला रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे मंत्री, तर दुसऱ्या बाजूला खरे आणि त्यांच्यासोबत वऱ्हाडचे रामराव देशमुख व पु. ब. गोळे. मे १९३८ मध्ये पचमढीला श्रेष्ठींच्या मध्यस्थीनं समेट झाला, पण तो दोन महिनेही टिकला नाही. जुलैमध्ये खरे, देशमुख आणि गोळे यांनी राजीनामे दिले आणि बाकीच्यांकडेही मागितले. महाकोशलच्या तिघांनी स्पष्ट सांगितलं की पक्षश्रेष्ठींचा आदेश आल्याशिवाय आम्ही राजीनामा देणार नाही. गव्हर्नरनं तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांना नवं मंत्रिमंडळ बनवायला बोलावलं. खऱ्यांनी ते बनवलंही.

आता प्रश्न उभा राहिला तो नेता नेमका कुणाला उत्तरदायी, हा. प्रांताच्या विधिमंडळाला, की पक्षाला? काँग्रेसच्या संसदीय उपसमितीत सरदार पटेल, मौलाना आझाद आणि राजेंद्रप्रसाद होते. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. सेवाग्राम जवळच असल्यानं त्या काळात कार्यसमितीच्या बैठका अनेकदा वर्ध्याला होत. ही बैठकही तिथंच झाली. खऱ्यांना राजीनामा द्यावा लागला. पक्षाला डावलून गव्हर्नरची मदत घेतली, हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका होता. जबाबदारीच्या पदाला ते अपात्र आहेत, असा ठराव झाला, आणि त्याच आठवड्यात वर्ध्यातच विधिमंडळ पक्षानं शुक्लांना नेता निवडलं. नागपूर-वऱ्हाडात ‘आपल्या माणसाला दूर बसलेल्यांनी उतरवलं’ ही सल राहिली. खऱ्यांची बाजू मला पूर्ण पटत नाही. परक्या गव्हर्नरच्या हातून सहकाऱ्यांना काढणं ही साधी चूक नव्हती. पण निर्णय झाला तो ज्यांनी मतं दिली त्यांच्यात नव्हे, पक्षाच्या वरच्या खोलीत. ती रीत तेव्हापासून पडली आणि पुढं सगळ्याच पक्षांनी उचलली.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. १९३८ मध्ये ‘पक्षाचा आदेश येईपर्यंत हलणार नाही’ म्हणणाऱ्यांपैकी द्वारकाप्रसाद मिश्र पुढं मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले, आणि १९६७ मध्ये त्यांचंच सरकार गोविंद नारायण सिंह यांच्यासोबत फुटलेल्या आमदारांनी पाडलं. त्या वर्षी देशभर पक्षांतराची लाट आली होती. तिच्यावर उपाय सुचवायला केंद्रानं यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

इकडे विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वेगळ्या विदर्भाच्या प्रश्नावर काँग्रेसमध्ये घुसमट होतीच. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखे ज्येष्ठ या मागणीसाठी पक्षाच्या विरोधात उभे राहिले आणि नागपुरातून लोकसभेत गेले. पण गावपातळीवर खरा बदल घडवला तो १ मे १९६२ ला अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदांनी. ज्यांच्या समितीच्या शिफारशींवर त्या उभ्या राहिल्या, ते वसंतराव नाईक आमच्या पुसदचे. पुढं ते अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते. शाळा, दवाखाना, रस्ता, विहीर हे सगळं जिल्हा परिषदेच्या हाती आलं. तोवर पक्ष म्हणजे सभेला जाणं आणि मत टाकणं होतं. आता गावातल्या माणसालाही मिळवण्यासारखं पद समोर दिसू लागलं, आणि तिकीट ही भांडायची गोष्ट झाली.

१९७८ मध्ये तर पक्ष कोणता आणि बंडखोर कोण, हेच सांगता येईना. जानेवारीत काँग्रेस फुटली. राज्यातले बहुतेक बडे नेते एका बाजूला राहिले, पण विदर्भ मोठ्या प्रमाणात इंदिरा गांधींच्या मागं गेला. गाय-वासरू हे चिन्ह गेलं आणि पंजा आला. फेब्रुवारीच्या विधानसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या, दुसऱ्या काँग्रेसला ६९ आणि जनता पक्षाला ९९. मग दोन्ही काँग्रेसनी मिळून सरकार केलं. भंडाऱ्याचे नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. ते सरकार चार महिने टिकलं. जुलैत शरद पवार बाहेर पडले आणि पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं. आमच्या भागातले जुने कार्यकर्ते अजूनही सांगतात की त्या वर्षी एकाच घरात दोन काँग्रेस होत्या.

१९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं. खासदार-आमदारानं पक्ष सोडला किंवा व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षादेशाविरुद्ध, मत दिलं तर सदस्यत्व जाणार. महाराष्ट्रानं लगेच हाच दोर खालपर्यंत आणला. स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम १९८६ चा. त्यामुळं जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगरपरिषदेच्या सदस्यालाही पक्षादेश लागू झाला. त्याची तक्रार जाते जिल्हाधिकाऱ्याकडे. अध्यक्षपदाची मुदत अडीच वर्षांची, त्यामुळं दर अडीच वर्षांनी फोडाफोडीचा हंगाम येतो. गटनेता घरोघर व्हिप बजावत फिरतो. कुणी घ्यायला नकार दिला तर दाराला चिकटवून फोटो काढतो. सदस्य मात्र आठवडाभर आधीच ‘सहली’वर गेलेले असतात आणि मतदानाच्या तासाला एकाच गाडीतून सभागृहाच्या दारात उतरतात.

१९८५ च्या कायद्यात एक फट होती. एक तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले तर ती फूट मानली जायची, पक्षांतर नव्हे. एकट्यानं गेला तर गुन्हा आणि घोळक्यानं गेला तर माफ, असा तो हिशेब. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ती वाट बंद झाली, पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उघडी राहिली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा दिग्रसचे संजय राठोड, बुलढाण्याचे संजय गायकवाड, मेहकरचे संजय रायमुलकर शिंदेंसोबत गेले. बाळापूरचे नितीन देशमुख सुरतेहून परत आले. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की व्हिप, म्हणजे पक्षादेश काढणारा प्रतोद, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नव्हे. १९३८ चा वर्ध्याचा प्रश्न पंच्याऐंशी वर्षांनी पुन्हा आला होता, या वेळी कोर्टासमोर.

या सगळ्यात माझं एकच म्हणणं आहे. हा कायदा निवडून आलेल्याला बांधतो, तिकीट देणाऱ्याला नाही. पक्षानं वीस वर्षं राबलेल्या माणसाला डावलून काल आलेल्याला एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, दिला, तर त्याविरुद्ध दाद मागायची जागा कुठंच नाही. ‘आमी काय सतरंज्याच उचलाच्या काय?’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याच्या तोंडून. तालुका कमिटी नावं पाठवते, जिल्हा कमिटी यादी करते, आणि शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता नागपूर-मुंबईहून भलत्याच नावाचा फॉर्म येतो. मग उरतं ते एकच: अपक्ष अर्ज.

आणि हे अपक्ष निवडूनही येतात, हे पक्षांनी पुरतं ओळखलंय. १९९५ मध्ये विधानसभेत ४५ अपक्ष आले. त्यांतले बरेचसे काँग्रेसचे बंडखोर होते. युतीकडे ७३ आणि ६५ मिळून १३८ आमदार होते, बहुमताला सात कमी. अपक्षांच्या पाठिंब्यावर सरकार बनलं. काटोलहून अपक्ष निवडून आलेले अनिल देशमुख त्यात मंत्री झाले. कायद्यानं अपक्षाला निवडून आल्यावर पक्षात जाता येत नाही, पण पाठिंब्याचं पत्र देता येतं. त्या एका कागदावर किती सरकारं उभी राहिली!

२०१९ मध्ये रामटेकला आशिष जयस्वाल, भंडाऱ्यात नरेंद्र भोंडेकर आणि गोंदियात विनोद अग्रवाल अपक्ष निवडून आले. पहिले दोघे मूळ शिवसेनेचे, तिसरे भाजपचे. गोंदियाची गोष्ट तर जरूर लक्षात ठेवावी. तिथं काँग्रेसचे अनेक वर्षांचे आमदार गोपालदास अग्रवाल ऐनवेळी भाजपमध्ये आले, त्यांना उमेदवारी मिळाली आणि भाजपच्याच बंडखोरानं त्यांना हरवलं. २०२४ मध्ये हे तिन्ही बंडखोर आपापल्या पक्षाचे अधिकृत उमेदवार म्हणून जिंकले. रामटेकला त्या वेळी जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, तर काँग्रेसचे राजेंद्र मुळक अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसनं त्यांना निलंबित केलं.

नाना पटोलेंचा मार्गही पाहण्यासारखा. २००९ मध्ये काँग्रेसबाहेर पडून लोकसभेला अपक्ष लढले, पुढं भाजपमधून साकोलीचे आमदार झाले, २०१४ मध्ये प्रफुल्ल पटेलांना हरवून खासदार झाले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. नंतर काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष. मोठ्या नेत्याला दोन्हीकडची दारं उघडी असतात. सर्कलमधल्या माणसाला एकच पत्र मिळतं: ‘पक्षविरोधी कारवाया केल्याबद्दल आपणांस सहा वर्षांकरिता निलंबित करण्यात येत आहे.’

त्यात २०२२ नंतर विदर्भातल्या अनेक जिल्हा परिषदांवर दीर्घकाळ प्रशासक राहिले. मार्चमध्ये मुदत संपली, निवडणुका रखडल्या, आणि जी माणसं त्या निवडणुकीची तयारी करून बसली होती ती तशीच बसून राहिली. प्रत्येक सर्कलमध्ये इच्छुकांची रांग लांबत गेली. पक्ष फुटल्यानं एकेका चिन्हाचे दोन-दोन दावेदार झाले.

काका तिसऱ्या क्रमांकावर राहिले. काकांच्या कपबशी या चिन्हाला पडलेली मतं आणि कंत्राटदाराच्या पराभवाचं अंतर यांची बेरीज-वजाबाकी गावात वर्षभर चालली. निलंबनाचं पत्र रजिस्टर पोस्टानं आलं. काकांनी सही करून घेतलं आणि सातबाराच्या पिशवीत ठेवलं. २०१२ च्या निवडणुकीआधी तेच दोन पुढारी तीच जीप घेऊन पुन्हा दारात आले. सहा वर्षं अजून पूर्ण व्हायची होती. पण या वेळी काका घरीच होते, आणि चहा काकूनं न विचारताच ठेवला होता.