बेटांवरच्या वनस्पतींची नाती कशी उलगडली

चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर उतरले, तेव्हा तिथल्या फिंच पक्ष्यांपैकी कोणता कुठल्या बेटावरचा, याची नीट नोंद त्यांनी ठेवली नाही. वनस्पतींचे नमुने मात्र त्यांनी बहुतांशी बेटवार वेगळे ठेवले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८४० च्या दशकात ते तपासले, तेव्हा तिथल्या जेम्स बेटावर फक्त गालापागोसमध्येच आढळणाऱ्या ३८ वनस्पती निघाल्या आणि त्यांतल्या ३० तर त्या एकाच बेटापुरत्या होत्या. प्रदेशनिष्ठ, म्हणजे एकाच प्रदेशात आढळणाऱ्या, वनस्पतींच्या अभ्यासात नमुन्यावरच्या ठिकाणाच्या नोंदीला एवढं महत्त्व का, हे यावरून कळतं.

त्या वनस्पती तिथे पोचल्या कशा, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. पूर्वी बेटांना जोडणाऱ्या आणि पुढे बुडालेल्या भूभागांवरून, असं काहींचं मत होतं. वारा, पक्षी आणि सागरी प्रवाहांमुळे, असं डार्विन यांचं. हूकर यांनी १८६६ मध्ये नॉटिंगहॅमच्या व्याख्यानात दोन्ही बाजू तोलून पाहिल्या.

वर्गीकरणाची खरी अडचण वेगळीच होती. बेटावर स्पर्धक कमी आणि मोकळ्या जागा भरपूर, त्यामुळे एकाच पूर्वजाचे वंशज अगदी वेगवेगळी रूपं घेतात. हवाईतला सिल्व्हरस्वर्ड वनस्पतींचा गट याचं सर्वांत बोलकं उदाहरण. ज्वालामुखीच्या उतारावर चंदेरी लव असलेल्या पानांचे झुबके, पावसाळी जंगलात झुडपं आणि वृक्ष, शिवाय वेलीसुद्धा : सुमारे ३० प्रजाती, तीन वंशांत, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटांत, विभागलेल्या. त्यांचं कॅलिफोर्नियातल्या टारवीड या चिकट रोपांशी नातं आहे, ही कल्पना डेव्हिड केक यांनी १९३६ मध्ये फेटाळली. शर्विन कार्लक्विस्ट यांनी १९५० च्या दशकाअखेरीस अंतर्गत रचनेवरून ती पुन्हा मांडली. अखेर १९९१ मध्ये ब्रूस बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी हरितलवकांच्या (पेशीतल्या हिरव्या कणांच्या) डीएनएवरून ते नातं दाखवून दिलं. नुसत्या बाह्यरूपावर भिस्त ठेवली असती, तर हे नातं कधीच मान्य झालं नसतं. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा.

उलट दिशेनेही घोळ झाला. हवाईतल्या सिर्टँड्रा वंशात हॅरल्ड सेंट जॉन यांनी बारीकसारीक फरकांवरून शेकडो प्रजाती वेगळ्या काढल्या. १९९० मध्ये वॅगनर, हर्बस्ट आणि सोमर यांच्या हवाई-वनस्पतिग्रंथात ही संख्या साठीच्या आत आली. या वंशातल्या प्रजातींचा आपसांत संकर होतो, त्यामुळे सीमारेषा आखणं आजही कठीण आहे.

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर तर अभ्यासकांना उशीरच झाला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात सोडलेल्या शेळ्यांनी तिथली जंगलं संपवत आणली होती. नेसिओटा या वंशातली एकमेव प्रजाती, सेंट हेलेना ऑलिव्ह, २००३ मध्ये कायमची नाहीशी झाली. तिचे दक्षिण आफ्रिकेतल्या फायलिका वंशाशी असलेले संबंध आता जपून ठेवलेल्या साहित्यावरूनच अभ्यासता येतात.

एवढ्यावर हे काम संपलेलं नाही. २०२० मध्ये न्यू गिनीतल्या वनस्पतींची तपासलेली यादी प्रसिद्ध झाली : १३,६३४ प्रजाती, त्यांतल्या ६८ टक्के प्रदेशनिष्ठ. जगातल्या प्रत्येक पाच वनस्पती-प्रजातींमागे साधारण एक केवळ बेटांवरच आढळते. संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत नोंद सहसा प्रजातीच्या नावाने होते. म्हणून ज्या रोपाला अजून वेगळं नाव मिळालेलं नाही, त्याला त्या यादीत जागा मिळणं कठीण असतं.