पणजी २०१९ : उमेदवारीचा निर्णय आणि पंचवीस वर्षांनी गेलेली जागा

२३ मे २०१९ रोजी लोकसभेच्या मतमोजणीत भारतीय जनता पक्ष देशभरात ३०३ जागांपर्यंत पोहोचत होता, आणि त्याच दिवशी गोव्याच्या राजधानीतील विधानसभेची जागा हा पक्ष गमावत होता. पणजीच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे बाबूश मोन्सेरात यांना ८,७४८ मते मिळाली, तर भाजपचे सिद्धार्थ कुंकळ्येंकर यांना ६,९९०. फरक १,७५८ मतांचा होता. १९९४ पासून पक्षाकडे असलेला मतदारसंघ मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांच्या निधनानंतर अवघ्या दोन महिन्यांत हातचा गेला. पर्रीकरांच्या मुलाला उमेदवारी नाकारल्याची ही शिक्षा होती, असे स्पष्टीकरण तेव्हा तत्काळ पुढे आले आणि आजही तेच सर्वाधिक ऐकू येते. ते पूर्ण चुकीचे नाही. परंतु केवळ तेवढ्यावर हा पराभव समजत नाही.

पणजी हा सुमारे २२ हजार मतदारांचा लहान मतदारसंघ आहे. मळा, भाटले, फोंताइन्हास, आल्तिनो अशा एकमेकांना लागून असलेल्या वस्त्यांत उमेदवार मतदाराला नावाने ओळखतो आणि मतदारही उमेदवाराच्या घरापर्यंत जाऊ शकतो. अशा ठिकाणी हजार मते इकडची तिकडे झाली की निकाल बदलतो. पर्रीकरांनी १९९४ नंतर येथे जे उभे केले त्यात पक्षसंघटनेचा वाटा होताच, पण व्यक्तिगत संपर्काचा वाटा त्याहून मोठा होता. भाजपला परंपरेने मत न देणारे ख्रिस्ती मतदार, सरकारी नोकरदार आणि व्यापारी यांच्यापैकी अनेकजण निवडणुकीपुरते ‘मनोहरबाब’ला मत देत. २०१२ मध्ये त्यांचे मताधिक्य सुमारे सहा हजारांचे होते, ते या वर्गामुळेच.

प्रश्न सुरू झाला तो २०१४ च्या नोव्हेंबरात, पर्रीकर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा. रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांचे विश्वासू सहकारी कुंकळ्येंकर यांना उभे करण्यात आले आणि फेब्रुवारी २०१५ च्या पोटनिवडणुकीत ते सहज निवडून आले. फेब्रुवारी २०१७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र त्यांच्यासमोर मोन्सेरात होते, तेव्हा युनायटेड गोवन्स पार्टीचे उमेदवार म्हणून आणि काँग्रेसच्या पाठिंब्याने. कुंकळ्येंकर यांना ७,९२४ आणि मोन्सेरात यांना ६,८५५ मते पडली. म्हणजे ज्या गडाला कोणी हात लावू शकत नाही असे मानले जात होते, तो केवळ १,०६९ मतांनी राखला गेला होता. पक्षाच्या शहरातील कार्यकर्त्यांना हा आकडा टोचत होता. वरच्या पातळीवर मात्र त्याची गंभीर दखल घेतली गेली नाही, कारण निकालानंतर काही दिवसांतच पर्रीकर मुख्यमंत्री म्हणून परतले, कुंकळ्येंकर यांनी त्यांच्यासाठी आमदारकी सोडली आणि ऑगस्ट २०१७ च्या पोटनिवडणुकीत पर्रीकर ९,८६२ मते घेऊन ४,८०३ च्या फरकाने विजयी झाले. गड शाबूत असल्याचा समज पक्का झाला.

हा समज फसवा होता, आणि त्याचे कारण ‘पर्रीकरांची मते’ या शब्दप्रयोगाच्या सैल वापरात आहे. ऑगस्ट २०१७ मधील ९,८६२ मते सरसकट पर्रीकरांची म्हणून मोजली गेली. परंतु त्या निवडणुकीत मोन्सेरात रिंगणातच नव्हते. ते तेव्हा सत्ताधारी आघाडीतील एका घटक पक्षात होते. त्यामुळे त्या आकड्यात भाजपचे बांधील मतदार, पर्रीकरांना व्यक्ती म्हणून मानणारे मतदार आणि मोन्सेरात उभे नसल्याने आघाडीच्या बाजूला आलेले मतदार, असे तीन वेगवेगळे गट एकत्र होते. पहिला गट पक्षाने उभ्या केलेल्या कोणत्याही उमेदवाराला मिळणार होता. दुसऱ्या गटावर पक्षाचा हक्क नव्हता, आणि तिसरा तर प्रतिस्पर्ध्याचाच होता. २०१९ मध्ये उमेदवार ठरवताना तिन्ही गट एकाच खात्यात जमा असल्यासारखा विचार झाला, आणि माझ्या मते पराभवाची खरी सुरुवात तिथेच झाली.

पर्रीकरांचे निधन १७ मार्च २०१९ रोजी झाले. १९ मार्चच्या पहाटे दोन वाजण्याच्या सुमारास नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकण्यात आला; त्यानंतर काही दिवसांतच आघाडीतील महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाचे तीनपैकी दोन आमदार मध्यरात्री भाजपमध्ये विलीन झाले आणि त्या पक्षाच्या उपमुख्यमंत्र्यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आले. सरकार टिकले, पण शोकाच्या दिवसांतील ही घाई पणजीतील सुशिक्षित मध्यमवर्गाला रुचली नाही. राज्यातील इतर तीन पोटनिवडणुका २३ एप्रिलला लोकसभेबरोबर झाल्या, तर पणजीचे मतदान १९ मे रोजी ठेवले गेले. उमेदवारीच्या चर्चेत अखेरीस दोन नावे उरली होती : तोपर्यंत निवडणुकीच्या राजकारणाबाहेर असलेले पर्रीकरांचे पुत्र उत्पल, आणि कुंकळ्येंकर. एप्रिलच्या अखेरीस दिल्लीहून कुंकळ्येंकर यांच्या नावावर शिक्कामोर्तब झाले.

या निर्णयाच्या बाजूने दिली गेलेली कारणे क्षुल्लक नव्हती. कुंकळ्येंकर दोनदा निवडून आले होते, मतदारसंघ त्यांच्या परिचयाचा होता, आणि २०१७ मध्ये नेत्यासाठी आमदारकी सोडणाऱ्या कार्यकर्त्याला डावलणे संघटनेच्या दृष्टीने अन्यायाचे ठरले असते. शिवाय पर्रीकरांनी हयातीत कुटुंबातील कोणालाही राजकारणात पुढे आणले नव्हते. मुलाला उभे करणे हे त्यांच्याच रीतीविरुद्ध होईल, असे सांगितले गेले. घराणेशाहीचा विरोध हा मुद्दा म्हणून योग्यच आहे आणि त्याचा मला आदर आहे. अडचण अशी की तो सर्वांना सारखा लावला गेला नाही. त्याच पोटनिवडणुकांच्या मालिकेत म्हापशात पक्षाने दिवंगत आमदाराच्या मुलाला उमेदवारी दिली आणि तो निवडून आला. पंधरा किलोमीटरच्या आत, काही आठवड्यांच्या अंतराने, एका ठिकाणी वारस चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी वारस म्हणजे घराणेशाही ठरते, हे पणजीच्या मतदाराला पटवून देणे प्रचारकांना जमले नाही. तत्त्व म्हणून घेतलेला निर्णय असता तर त्याचे समर्थन करता आले असते. तो सोयीचा निर्णय आहे असे दिसले, आणि मतदाराने तो तसाच वाचला.

दुसरी गोष्ट कुंकळ्येंकर यांच्यावर अन्याय करणारी होती. २०१५ मध्ये ते पर्रीकर दिल्लीत असेपर्यंतचे आमदार होते, २०१७ मध्ये पर्रीकर परतेपर्यंतचे. दोन्ही वेळा त्यांची ओळख जागा सांभाळणारा अशीच राहिली, आणि ती पक्षाने घडवलेली होती. २०१९ मध्ये त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर मते मागायची होती, परंतु प्रचाराचे फलक, भाषणे आणि आवाहने सर्व दिवंगत नेत्याच्या नावाने चालू राहिली. ज्याच्या नावाने मते मागितली जात आहेत त्याच्या मुलाला नाकारून ती मागितली जात आहेत, ही विसंगती प्रत्येक सभेत उघडी पडत होती. उत्पल यांनी त्या वेळी पक्षाचा निर्णय मान्य केला होता. तरीही विसंगती मिटली नाही.

याच निवडणुकीत गोवा सुरक्षा मंचाचा उमेदवारही होता, आणि त्याने संघपरिवारातील मते फोडली असे नंतर सांगण्यात आले. या पक्षाचे मूळ प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाच्या वादात आहे. २०११ मध्ये तत्कालीन काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय घेतला तेव्हा मराठी आणि कोकणीच्या बाजूने झालेल्या आंदोलनात भाजप पुढे होता. २०१२ मध्ये सत्तेवर आल्यावर मात्र चर्चच्या संस्थांच्या शाळांचे अनुदान त्याच पक्षाने चालू ठेवले. या विरोधातून २०१६ मध्ये संघाच्या गोव्यातील प्रमुखांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांनी मंच स्थापन केला. मातृभाषेतील शिक्षणासाठी रस्त्यावर उतरलेल्या अनेक मराठी-कोकणी कुटुंबांना तेव्हा झालेली फसवणुकीची भावना खरी होती आणि ती मी कमी लेखणार नाही. परंतु २०१९ मध्ये पणजीत स्वतः उभे राहिलेल्या या माजी संघप्रमुखांना ५१६ मते मिळाली. ती सर्व कुंकळ्येंकर यांच्या पारड्यात टाकली तरी बेरीज ७,५०६ होते, मोन्सेरात यांच्यापेक्षा १,२४२ ने कमी. मतविभागणीने हा पराभव झाला नाही.

आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. फेब्रुवारी २०१७ आणि मे २०१९ या दोन्ही लढतींत समोरासमोर तेच दोन उमेदवार होते. या काळात कुंकळ्येंकर यांची मते ९३४ ने घटली, तर मोन्सेरात यांची १,८९३ ने वाढली. म्हणजे पराभवाचा मोठा भाग भाजपची मते कमी होण्यात नसून प्रतिस्पर्ध्याने नवी मते मिळवण्यात आहे. शेजारच्या ताळगाववर पकड असलेल्या मोन्सेरात यांनी २०१६ च्या महापालिका निवडणुकीत आपले पॅनल निवडून आणून पणजीच्या प्रभागांत पाय रोवले होते. गटार, पार्किंग, बाजारातील गाळा, रोजंदारीची नोकरी, अशा प्रत्येक कामासाठी नगरसेवकाकडे जाणारा मतदार त्यांच्या यंत्रणेच्या संपर्कात होता. मुख्यमंत्री दीर्घकाळ आजारी असल्याने आमदार म्हणून त्यांची शहरातील उपस्थिती त्या काळात स्वाभाविकपणे घटली होती, आणि ती पोकळी महापालिकेने भरली. मोन्सेरात यांच्यावरील गंभीर खटले सर्वांना ठाऊक होते. पण रोजच्या अडचणीत दार उघडे सापडते ते कुठे, हे मतदाराने अधिक महत्त्वाचे मानले. मांडवीतील कॅसिनो शंभर दिवसांत हटवण्याच्या त्यांच्या आश्वासनाने, विरोधात असताना कॅसिनोंवर तुटून पडलेल्या आणि सत्तेत आल्यावर ते चालू ठेवणाऱ्या पक्षाला उत्तर देणे कठीण केले.

उत्पल उमेदवार असते तर निकाल बदलला असता का, याविषयी अजूनही मतभेद आहेत. पर्रीकरांना व्यक्ती म्हणून मानणाऱ्या मतदारांपैकी काही सहानुभूतीने त्यांच्यामागे आले असते हे नाकारता येत नाही; त्याच वेळी महापालिकेची यंत्रणा विरोधकाच्याच हाती राहिली असती. १,७५८ मतांचा फरक म्हणजे सुमारे ८८० मतदारांनी बाजू बदलण्याचा प्रश्न होता, आणि तेवढे मतदार हलवण्याची शक्यता कुंकळ्येंकर यांच्यापेक्षा उत्पल यांच्याकडे अधिक होती, असे मला वाटते.

पुढच्या घटनांनी हा वाद अधिक गुंतागुंतीचा केला. १० जुलै २०१९ रोजी, निकालानंतर दोन महिनेही झाले नसताना, काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, आणि त्यांत पणजीचे नवे आमदारही होते. कॅसिनो मांडवीतच राहिले. मार्च २०२१ च्या महापालिका निवडणुकीत मोन्सेरात यांचे पॅनल आता भाजपच्या पाठिंब्याने ३० पैकी २५ जागा जिंकून आले आणि त्यांचे पुत्र महापौर झाले. जानेवारी २०२२ मध्ये पणजीची उमेदवारी पक्षाने मोन्सेरात यांना दिली; उत्पल यांनी पक्षाने देऊ केलेले दुसरे मतदारसंघ नाकारले, पक्ष सोडला आणि अपक्ष म्हणून अर्ज भरला. घराणेशाहीचा मुद्दा २०१९ मध्ये ज्यांच्याविरुद्ध वापरला गेला, ते आता पक्षाबाहेर होते, आणि ज्यांच्या घरात आमदार पती, मंत्री पत्नी आणि महापौर मुलगा होते ते पक्षाचे उमेदवार होते.

१० मार्च २०२२ च्या निकालात मोन्सेरात यांना ६,७८७ आणि उत्पल यांना ६,०७१ मते पडली. ७१६ मतांच्या फरकाने पणजी पुन्हा भाजपकडे आली, आणि पक्षाच्या निष्ठावंतांनी आपल्याला मत दिले नाही अशी तक्रार विजयी उमेदवाराने निकालाच्याच दिवशी जाहीरपणे केली. भाजपविरुद्ध लढताना त्यांना २०१९ मध्ये ८,७४८ मते मिळाली होती. भाजपच्या चिन्हावर त्यांना त्याहून १,९६१ कमी मिळाली.