लैंगिक अत्याचाराचा आरोप : कायदेशीर परिणाम आणि बचाव (खानदेश)

बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचाराचे गंभीर खटले खानदेशात जळगाव, धुळे, नंदुरबार येथील सत्र न्यायालयांत, तसेच भुसावळ, अमळनेर, शहादा अशा ठिकाणच्या अतिरिक्त सत्र न्यायालयांत चालतात. अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जाते. कायदा कोणता लागेल हे फिर्यादीच्या नव्हे, घटनेच्या तारखेवर ठरते. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्याआधीच्या घटनांना जुनी दंड संहिता.

न्याय संहितेच्या कलम ६४ खाली बलात्कारास किमान १० वर्षे सक्तमजुरी, कमाल जन्मठेप. सामूहिक बलात्कारास किमान २० वर्षे (कलम ७०). विनयभंगास १ ते ५ वर्षे (कलम ७४). लग्नाचे वचन पाळायचेच नाही अशा हेतूने देऊन ठेवलेल्या संबंधाला कलम ६९ खाली १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र मुळात खोटे वचन आणि पुढे मोडलेले वचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले. पीडिता आदिवासी आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटीची कलमे जोडली जातात आणि कलम १८ मुळे अटकपूर्व जामिनाची वाट सहसा बंद होते.

सर्वाधिक वाद होतो तो वयाचा. १८ वर्षांखालील मुलीची संमती पॉक्सो (लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण) कायद्याला मान्य नाही. लग्न लागले असले तरीही नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर मुलगा १९ चा, मुलगी १६ ची, दोन्ही घरे राजी, आणि बाळंतपणाला दवाखान्यात नेल्यावर वय कळून पोलिसांना खबर जाते. ही खबर देणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे, त्यात डॉक्टरांचा दोष नाही. वय ठरवताना आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसल्यास ग्रामपंचायत वा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. शाळेच्या रजिस्टरात पुष्कळ मुलांची जन्मतारीख १ जून असते. प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. ती कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कागदावरून लिहिली, हे मुख्याध्यापकांना उलटतपासात विचारणे हा बचावाचा रास्त भाग आहे.

दुसरी कळीची जागा म्हणजे पहिला जबाब. बाई बोलते अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत. लिहिले जाते ठाणे अंमलदाराच्या मराठीत. ‘अतिप्रसंग केला’ हा त्यातला ठरीव शब्द. त्यातून अंगाला हात लावला की बलात्कार झाला, हे कळत नाही. पुढे दंडाधिकाऱ्यांसमोरच्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ च्या जबाबात तपशील आला की बचाव पक्ष त्याला ‘सुधारणा’, म्हणजे मागाहून घातलेली भर, म्हणतो. म्हणून फिर्यादीवर सही करण्यापूर्वी ती स्वतःच्या बोलीत वाचून घ्यावी. पीडितेची एकटीची साक्ष विश्वासार्ह असली तर शिक्षेला पुरते, त्यामुळे या विसंगतींना वजन येते; बारीकसारीक फरकाने खटला पडत नाही.

तक्रार कळल्यापासून २४ तासांच्या आत पीडितेची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. कपडे धुतले, ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत भरले किंवा सील तुटले की नमुना वाया जातो. डीएनए जुळला तरी त्यातून संबंध सिद्ध होतो, जबरदस्ती नव्हे. पॉक्सोत मात्र तेवढेच पुरते, वय सिद्ध असले तर.

आरोपीने अटकेनंतर लगेच वकील मागावा; कोठडीतील माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. बलात्काराच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हक्काचा होतो, पण अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी पडला पाहिजे. एक दिवस चुकला की हक्क गेला. घटनेवेळी आपण दुसरीकडे होतो, हे आरोपीलाच सिद्ध करावे लागते. ऊसतोडीला गुजरातेत होतो म्हणणाऱ्याकडे बहुधा मुकादमाच्या वहीतली उचल असते. त्या नोंदीवरून पैसे घेतल्याचे दिसते, त्या दिवशीची हजेरी दिसत नाही. मोबाइलमधले संदेश पुसू नयेत. मूळ फोन जपावा आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे, नाहीतर छापील प्रती आक्षेपात अडकतात.

पीडितेच्या चारित्र्यावर प्रश्न विचारण्याला कायद्याने मनाई आहे. तरीही काही वकील तोच रस्ता धरतात आणि न्यायालयाची नाराजी ओढवून घेतात. गावात बसून, स्टॅम्पपेपरवर ‘आपसात मिटले’ लिहून घेणे त्याहून घातक. बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. उलट तोच कागद साक्षीदारावर दबाव आणल्याचा पुरावा ठरून मिळालेला जामीन रद्द होऊ शकतो. पीडितेचे नाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्यालाही न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे.